डाव्या हातातलं सोनं

आपट्याची पानं चुरगळली की मला अजून रक्ताचा वास येतो.

नव्वदच्या आसपास जाफराबादकडच्या एका गावात मी नवा मास्तर होतो. दहावीला मी कॉपी करू दिली नाही, पोरं नापास झाली. दसऱ्याला शिवेवर सोनं वाटताना त्यातल्या एकाचा बाप काठी घेऊन माझ्यावर धावला. मुख्याध्यापक मधे आले. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा त्यांचा उजवा हात कडकन मोडला. मी दगड उचलला.

"ठेव तो खाली. सण हाय आज," सर मला म्हणाले.

कोपरातून रक्त गळत होतं. डाव्या हातानं त्यांनी त्या बापापुढं पानं धरली.

"घे सोनं. अन् पोराला उद्यापासून माझ्या घरी पाठव. मी शिकवतो."

दसऱ्याचं सोनं कुणी नाकारत नाही. त्यानं काठी टाकली.

मला सरांचाच संताप आला होता. वाटलं, माणूस भित्रा आहे.

तो हात पुन्हा सरळ झाला नाही. सर होते तोवर दर दसऱ्याला गाव त्यांच्या डाव्या हातात सोनं द्यायचं, आणि सगळ्यांत आधी तो बाप यायचा.

आज एका जुन्या विद्यार्थ्यानं सोनं पुढं केलं, तेव्हा माझा डावाच हात पुढं गेला.