गाव विचारणारे एक्स-रेवाले मामा

एक्स-रे काढला की मामा ओली फिल्म घेऊन आधी खिडकीशी जायचे. उजेडात धरून, मान तिरकी करून बघायचे आणि पेशंटला विचारायचे, "गाव कोन्तं तुमचं?" नाव कागदावर असायचंच. गाव मात्र ते ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमच्या सहकारी दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी केली. एका वर्षी दुष्काळ पडला. टँकरचं पाणी वॉर्डालाच पुरेना, तर फिल्म धुवायला कुठलं? मग संचालक मंडळानं थेट कॉम्प्युटरवर चित्र दाखवणारं मशीन घेतलं. ते केसपेपरच्या कॉम्प्युटरशी जोडायचं काम माझ्याकडे आलं. मामांनी कुरकुर केली नाही. फिल्म धुवायच्या टाक्या पुसून पालथ्या घातल्या आणि माझ्या शेजारी बसून माऊस धरायला शिकले.

नाव आणि वय जुळलं की चित्र आपोआप त्या पेशंटच्या नोंदीत जाईल, अशी जोडणी मी केली. डॉक्टर खूश होते, मीही होतो. पंधरवड्यानं मामा माझ्या टेबलाशी आले.

"ही ती बाई न्हाई," पडद्याकडे बोट करून ते म्हणाले. "सिरसाळ्याच्या कमलबाईच्या फुफ्फुसावर डाग हाय. मी सोता बघितलाय. हे चित्र तेलगावच्या कमलबाईचं."

एकच नाव, एकच वय. चित्रांची अदलाबदल झाली होती. तेलगावच्या धडधाकट बाईला क्षयाच्या तपासणीला बोलावलं होतं, आणि आजारी कमलबाई 'काही नाही' ऐकून टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेली होती.

मामांनी टोळीच्या मुकादमाकडून पत्ता काढला, रजा टाकली आणि एसटीनं थेट उसाच्या फडावर गेले. ऊसतोड नवरा-बायको जोडीनं करतात; बाई निघाली की नवऱ्याचंही काम थांबतं, म्हणून तो तिला सोडायला तयार नव्हता. मामा दिवसभर उसाच्या वाळल्या पाचटावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दोघांना घेऊनच परतले.

मला एवढंच म्हणाले, "तुमच्या मशीनला गाव इचारायला शिकवा."

मी प्रत्येक पेशंटला वेगळा नंबर दिला आणि गावाचा रकाना घातला. तो भरल्याशिवाय चित्र पुढे जात नाही.

मामा निवृत्त झाले आणि काही महिन्यांतच गेले. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. हिवाळ्यात सिरसाळ्याची कमलबाई क्षयाची औषधं पुरी करून तपासणीला आली. छाती स्वच्छ होती. मामांसाठी तिनं हरभऱ्याची डहाळी आणली होती. ते गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा ती बाकावर बसली. मग डहाळी माझ्या हाती देत म्हणाली, "त्यांच्या घरी पोचवा."

मामांच्या बायकोनं ती उंबऱ्यावर बसून सोलली. मूठभर दाणे माझ्यापुढे केले. आम्ही दोघं ते खात बसलो.