तिसऱ्या विभागाचे इतिहासकार

आमचे स्कोअररकाका एकट्याने दोघांचे काम करीत आणि त्या दोघांत अधूनमधून मतभेदही होत. क्रिकेटशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी सांगतो: सामन्यात प्रत्येक संघाचा एक गुणलेखक असतो आणि षटक संपले की दोघांनी आपापल्या वह्या ताडून पाहायच्या असतात. सिंगापुरातील हौशी लीगच्या तिसऱ्या विभागात प्रतिपक्ष स्वतःचा गुणलेखक क्वचितच आणी. काका मग दोन खुर्च्या मांडत. प्रत्येक चेंडू दोन्ही वह्यांत टिपत, षटक संपले की दुसऱ्या खुर्चीवर जाऊन "किती झाले?" असे विचारत आणि पहिल्या खुर्चीवर परत येऊन उत्तर देत. फरक निघालाच, तर पंचांकडे जाऊन दोघांच्याही वतीने दिलगिरी व्यक्त करीत.

हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीतून ते निवृत्त झाले होते. काकू गेल्या होत्या, मुलगा मेलबर्नला होता. बेडोकच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहत आणि तिसऱ्या विभागातील संघांचा इतिहास लिहीत. "वरच्या संघांचं लिहायला माणसं आहेत. खालच्यांचं कोण लिहिणार?" असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक संघाला एक पान होते. संघ कोणी काढला, कोठे खेळला आणि का संपला. नोव्हेनाच्या डॉक्टरांचा संघ रविवारच्या ड्यूट्यांमुळे संपला. एका कॉन्डोचा, म्हणजे खासगी निवासी संकुलाचा, संघ कॉन्डोच पाडला गेल्यामुळे संपला. एका पानावर नुसतेच होते: 'कारण: कर्णधाराचा विवाह.'

ऐकीव माहितीवर मात्र ते कोणत्याही संघाचा शेवट लिहीत नसत. शेवटच्या कर्णधाराला फोन करीत आणि 'आता आम्ही खेळत नाही' असे त्याने स्वतः सांगितले, तरच पान पूर्ण होई. पण नोकरीचा परवाना संपून माणसे देश सोडत, नंबर बंद होत. अशी कितीतरी पाने उघडीच राहिली होती. तरीही काका महिन्यातून एकदा ते बंद नंबर फिरवून पाहत.

मी पाच वर्षे आमच्या मराठी संघाचा कर्णधार होतो. दर सोमवारी दुपारी मला काकांचा फोन येई. सातव्या षटकातली ती धाव 'बाय'ची की 'लेगबाय'ची, असा काहीतरी प्रश्न असे. मी कार्यालयात असल्याने घाईघाईने उत्तर देई. प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वहीत आधीच लिहिलेले असे, हे मला फार उशिरा समजले.

दोन हजार आठ साली बँकांतील नोकऱ्या डळमळल्या आणि आमचे खेळाडू एकेक करून पुण्या-मुंबईस परतू लागले. नियम असा होता की नऊपेक्षा कमी खेळाडू आल्यास सामना प्रतिपक्षाला बहाल होई, आणि एका हंगामात असे दोनदा घडल्यास संघ लीगमधून बाद होई. एकदा तसे घडून गेले होते. त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही आठच जण जमलो. मी काकांना म्हणालो, "काका, नववे तुम्ही."

खेळाडूंच्या अधिकृत यादीत त्यांचे नाव नव्हते. यादीबाहेरचा माणूस खेळवला, तर तो सामनाही बहाल झाल्यातच जमा होई. हे मला ठाऊक होते आणि त्यांना तर नियमपुस्तिका पाठ होती. आमचा यष्टिरक्षक निखिल सिंगापुरातच लहानाचा मोठा झालेला, बोलणे तिथल्याच ढंगाचे. तो म्हणाला, "अंकल, नोबडी विल चेक, लाह." काकांनी पेनला टोपण लावले, वह्या प्रतिपक्षाच्या राखीव खेळाडूकडे दिल्या आणि आमची फलंदाजी संपल्यावर ते उन्हात सीमारेषेजवळ जाऊन उभे राहिले. तो सामना आम्ही चार धावांनी जिंकलो. संघ वाचला, असे आम्ही मानले.

मंगळवारी काकांनी विभागाच्या चिटणीसांना पत्र लिहिले: नववा खेळाडू अनधिकृत होता, तो मी होतो. महिन्याच्या आत आमचा संघ बाद झाला.

निखिल त्यांना फोनवर म्हणाला, "एका पत्रानं तुम्ही आपली टीम मारलीत."

"मारली आपण सगळ्यांनी. मी फक्त लिहिलं," काका म्हणाले.

त्यानंतर कोणी त्यांना फोन केला नाही. मीही केला नाही. त्यांचा सोमवारचा फोनही थांबला आणि त्या वेळी मला बरे वाटले, हे येथे नोंदवणे भाग आहे.

पुढच्या वर्षी माझी पुण्यास बदली झाली. निघण्यापूर्वी बेडोकला गेलो. काकांनी चहा केला आणि आमच्या संघाचे पान माझ्यासमोर ठेवले. शेवटच्या सामन्याचा निकाल त्यांनी 'पराभूत' असा लिहिला होता. खाली कारण होते: 'गुणलेखकाची चूक.'

"चूक माझी होती. मी तुम्हाला उतरवलं," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलंत. नाही म्हणणं माझं काम होतं. इतक्या संघांचं खरं लिहिलं. आपलंच तेवढं खोटं कसं लिहू?"

मग नाही का म्हणाला नाहीत, असे मी विचारले. काका म्हणाले, "आयुष्यात मला कोणी खेळायला बोलावलं नव्हतं हो. शाळेतसुद्धा गुणफलकच सांभाळायचो."

दारापर्यंत पोहोचवायला आले तेव्हा चप्पल घालता घालता मी म्हणालो, त्या दिवशी सीमारेषेवर तुम्हाला उगाच उन्हात उभे केले.

"उगाच नाही. एक चेंडू आला होता माझ्याकडे. जोरात होता. अडवला."

"हे पानावर नाही लिहिलंत?"

"सामनाच वैध नव्हता," ते म्हणाले. "त्यातलं काही धरता येत नाही."

लिफ्ट आली. तो सामना आम्ही चारच धावांनी जिंकला होता आणि सीमारेषेवर अडवलेला चेंडू म्हणजे वाचवलेल्या तीन-चार धावा. हा हिशोब माझ्या लक्षात आला, तोवर दार मिटले होते. काही वर्षांनी काका गेल्याचे त्यांच्या मुलाने दोन ओळींच्या ईमेलने कळवले. तो चेंडू कोणत्याच वहीत नाही. काकांनी तो अडवला होता.