मांडीवरचं बेसिन

पापडीला एक वयस्कर गृहस्थ बसमध्ये चढले आणि माझ्या शेजारी बसले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढरं बेसिन, लहान पोर धरावं तसं दोन्ही हातांनी धरलेलं.

कंडक्टर म्हणाला, "काका, ह्याचं हाफ तिकीट फाडू का?" सगळे हसले, तेही हसले.

मला मेलीला गप्प कुठे बसवतंय? विचारलं, "घर बांधताय वाटतं?"

"मुलानं घेतलं, कॅनडात."

"अरे वा, मग पेढे द्या की."

"देतो ना." बेसिनच्या कडेवरून ते बोट फिरवत राहिले. "त्याच्यासाठी आमच्या घरावर मजला चढवला होता, ताई. तिकडं भाड्यानं राहत होता तोवर वाटायचं, येईल. हे बसवायचं तेवढं राहिलेलं. आता दुकानात परत करतो."

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये पुन्हा तेच शेजारी, बेसिन मांडीवरच.

"दुकानदार घेत नाही म्हणाला. फार जुनं झालं म्हणे."

"मग बसवून टाका घरी."

"आम्ही दोघंच म्हातारे. हात धुवायला वर कोण चढणार?"

खड्डा आला तसा मीही बेसिनला हात लावला. पापडी येईपर्यंत दोघांनी ते धरून ठेवलं.