आबांची वेणी

परभणीच्या बाजारात कपडे वाळत घालायला दोरी घेताना अंबाडीचा वास आला आणि माझी मान आपोआप ताठ झाली. लहानपणी दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गेले की मी आजी-आजोबांजवळ राहायचे. आजी पहाटेच खुरपायला जायची, म्हणून माझी वेणी आजोबांच्या वाट्याला आली. त्यांना फक्त शेळ्या बांधायची अंबाडीची दावी वळता यायची. केसांना पाणी लावून ते तसाच करकचून पीळ द्यायचे आणि शेवटी दाव्याचीच गाठ मारायचे. शाळेत पोरी हसायच्या, पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही. गुढीपाडव्याच्या आधी आई-वडील परत आले. सकाळी आई फणी घेऊन बसली, तर मी डोकं हिसकावून म्हणाले, "तुला न्हाई येत, आबाच घालतेत." आई नुसती हातातल्या फणीकडे बघत राहिली. आजोबांनी ते ऐकलं आणि चहा न पिताच शेळ्या सोडल्या. मी मोकळ्या केसांनी त्यांच्यामागं माळापर्यंत पळाले. "आबा, वेणी घाला की!" ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मला येत न्हाई, बाई. जा, तुझी माय वाट बघायलीय." इतके महिने रोज वेणी घालणारा माणूस असं कसं म्हणतो, म्हणून मी चिडून माघारी फिरले. लांबून वळून पाहिलं, तर ते दगडावर एकटेच बसून एक नवंकोरं दावं उकलत होते आणि पुन्हा वळत होते. दावं बिघडलं असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.