वार न्यायला येणारी बाई

मी आर्णीत नर्स होते तेव्हा बाळामागून पडणाऱ्या वारेचा तुकडा संशोधनासाठी न्यायला यवतमाळहून एक बाई बर्फाचा डबा घेऊन यायची. बाळंतिणीची सही झालेली असली तरी दरवेळी वाकून विचारायची, "माय, नेऊ ना?"

एकदा बाळ फारच लहान जन्मलं. सासू सुनेवर चिडली, "नऊ महिने धड जेवलीच नाही ही!"

बाई डबा ठेवून खाटेवर बसली. "आजी, वारच बाळाले पोसते. वारेच्या पेशींत कधी काय करायचं याच्या खुणा असतात. त्या काहून चुकतात, ते आम्हालेच समजून नाही राह्यलं. हिले कायले बोलता?"

सकाळपासून बाळाकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडलेली सून वळली.

"सिस्टर," ती म्हणाली, "द्या त्याले माह्याजवळ."