सगळ्यांना एकदम मारलेली हाक

सरांची लॅब मी जवळजवळ भंगारात घातली होती.

आज लांजेवार सरांना जाऊन एक वर्ष झालं.

अड्याळच्या आमच्या कॉलेजात ते कम्प्युटर लॅब सांभाळायचे. तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. बाबा तलावात मासे धरतात; घरात कीबोर्डला हात लावणारी मी पहिलीच.

एकदा सर रजेवर होते. प्राचार्य म्हणाले, "किती मशीन चालू आहेत, लिहून दे. बंद असतील तर भंगारात देऊ, खोली रिकामी होईल."

बहुतेक मॉनिटर गेलेले. मी सगळी बटणं दाबली आणि एका मशीनवरून नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदमच पिंग पाठवला. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक.

उत्तर आलं एकट्या प्रिंटरचं.

मशीनांच्या आतले पंखे घरघरत होते, तरी मी लिहिलं: एकोणीस बंद.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद वाचला.

"साऱ्याइले एकदमच हाक मारली न तू?"

"हो जी."

"कोतवालानं दवंडी देली तं घराघरातून कोणी 'आहो जी' म्हणते का व?"

"नाही."

"मंग गाव मेलं का?"

सर खुर्ची ओढून मशीनसमोर बसले.

"सारे एकदम बोलले तं नेटवर्क तुंबते. अन् कोणी दुसऱ्याच्या नावानं खोटी हाक मारली, तं साऱ्याइची उत्तरं त्या बिचाऱ्याच्या अंगावर. म्हणून आपले मशीन अशा हाकेले ओ देत नाही. एकेकाले त्याच्या पत्त्यावर विचार."

विचारलं. एकोणिसातले सोळा बोलले.

सरांनी माझा कागद फाडला. त्याच लॅबमध्ये शिकून मी ग्रॅज्युएट झाले. घरातली पहिली.

सर गेले आणि लॅबला कुलूप लागलं. कॉलेजनं आता लॅब सांभाळायला किल्ली माझ्याकडे दिली. मागच्या आठवड्यात जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं, "रविवारी लॅब साफ करू या. कोण येतं?"

सगळ्यांच्या निळ्या टिक्स; म्हणजे वाचलं सगळ्यांनी.
उत्तर कोणाचंच नाही.

फार वाईट वाटलं. एवढ्यात विसरले?

मग सर आठवले. एकेकाला फोन लावला.

शहापूरचा प्रफुल्ल म्हणाला, "मले वाटलं, बाकीचे जाऊनच राहिले असतील. तू नाव घेऊन बोलावलं न, येतो मी."

नऊ जण आले. दोघं राहिले, त्यांना परत फोन करीन.

आज सकाळी पहिल्या वर्षाच्या पोरी लॅबमध्ये बसल्या आहेत.

सर, एकेकाला विचारलं. आहेत जी.

तुम्हाला मनापासून नमस्कार.