सोलांजच्या लग्नाची वाइन

आमच्या बर्गंडीतल्या गावात मुलगी झाली की बाप त्या वर्षीची वाइन तळघरात ठेवतो आणि तिच्या लग्नात फोडतो. माझा शेजारी आन्सेल्म त्रुशे यानेही सोलांजसाठी सहा बाटल्या ठेवल्या होत्या.

सोलांजने रेजीशी लग्न ठरवलं, तेव्हा आन्सेल्म म्हणाला, "आधी वाइन तयार आहे का ते बघू." त्याने एक बाटली उघडली, बदक भाजलं, मला बोलावलं. ग्लास फिरवला, त्यात नाक खुपसलं, घोट तोंडात घोळवला. "कच्ची आहे. एक वर्ष थांबा."

पुढच्या वर्षी ससा केला होता. "सशाने चवीचा घोळ केला. थांबा." मग गोगलगायी, मग चीज, मग डुकराचा पाय. निकाल दर वर्षी तोच. मीही फुकटची पीत मान डोलवायचो. मला कसली घाई?

सहाव्या वर्षी सोलांजचं डोकं फिरलं. तिने स्वतःच तळघरातून बाटली आणून आमच्यासमोर उघडली. "बाबा, ही शेवटची! बाकीच्या तुम्ही दोघांनी तपासून तपासून संपवल्यात. तिकडे रेजीला टक्कल पडलं!"

तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही तर पार उतरलीय! मग तयार होती तरी कधी?"

"पहिल्याच वर्षी," आन्सेल्म पुटपुटला. "बदकाबरोबर तर अशी लागली होती, पोरी, तुला सांगणारच होतो. पण सांगितलं असतं, तर तू गेली असतीस."